लंगड्या घोड्याचा वीर

माणसांना पूर्वज कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. आणि हे मी म्हणतोय, ज्याच्या घरात पाच पिढ्या लोकांना पूर्वज घडवून द्यायचा धंदा चालतो. घाटनांदूरच्या पेठेत आमचं चांदीचं दुकान आहे. जोडवी, तोरड्या, करंडे सगळं विकतो, पण दुकानाचं नाव झालं ते टाकांमुळे. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा तळहाताएवढाही नसलेला चांदीचा पत्रा. त्यावर एखादा देव, नाहीतर घरातला मेलेला माणूस उठवलेला असतो. लढताना मेला असेल तर घोड्यावर बसलेला, हातात तलवार. त्याला वीर म्हणायचं. खाली काशाचा ठसा, त्यावर पत्रा, पत्र्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून हातोडा हाणायचा. झाला वीर तयार.

गंमत अशी, की आमच्याकडे वीराचा ठसा एकच आहे. खापरपणजोबा गुरुपादप्पांच्या वेळचा. त्यातल्या घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्यापाशी चीर गेलेली आहे, त्यामुळे प्रत्येक टाकात घोडा लंगडा निघतो. म्हणजे आसपासच्या चाळीस गावांतले झाडून सगळे शूर पूर्वज एकाच लंगड्या घोड्यावर बसलेले आहेत. पाटलाचा वीर तोच आणि धनगराचा वीरही तोच. आमच्या पणजोबांचं नाक बघा कसं धारदार, असं एखादं गिऱ्हाईक टाक दाखवत म्हणतं तेव्हा मी मान डोलावतो. ते नाक माझ्या खणात पडलेलं आहे.

आम्ही लिंगायत वाणी. आमचा देव आमच्या गळ्यात असतो, त्याला ना ठसा लागतो ना हातोडा. तरी दुसऱ्यांचे देव घासण्यात माझा जन्म गेला. मला इतिहासाचा प्राध्यापक व्हायचं होतं. औरंगाबादला राहून बी.ए. केलं, इंग्रजी बरं होतं, तेवढ्यात वडील गेले आणि हातात पुस्तकाऐवजी रिठ्याचं पाणी आलं. तुमची जीभ एवढी कडू कावून, असं माझी बायको कावेरी अधूनमधून विचारते. मी तिला उत्तर देत नाही, कारण ती बारावी नापास आहे आणि माझ्यापेक्षा सुखी आहे.

पितृपंधरवडा संपत आला, की नवरात्राआधी घरोघरचे टाक आमच्याकडे उजळायला येतात. ढिगाने येतात आणि सगळे सारखे. एकाचा बाप दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक टाकाच्या पाठीवर त्या त्या घराची खूण कोरायची आमची रीत आहे. कुणाची दोन रेघा, कुणाचं फुल्लीत टिंब. या खुणांची वही गुरुपादप्पांनी सुरू केली, पुढे आजोबांनी नकलून काढली. बहुतेक लोकांना स्वतःची खूण माहीतही नसते. मला सगळ्या पाठ आहेत.

अर्धचंद्र आणि खाली तीन ठिपके, ही कडूबाईच्या घराची खूण. कडूबाई गावापासून मैलभरावरच्या धनगरवस्तीवर राहते. पंचाहत्तरीची, काटकुळी, आवाज मात्र माळावर मेंढरं वळवणाऱ्या बाईचा. दरवर्षी ती फडक्यात बांधून चार टाक आणायची, खंडोबा, भवानी, सासरा आणि एक सवाष्ण. आणि पाचवी एक सुपारी. ही सुपारी म्हणजे धुळाजी, त्यांच्या घरातला वीर. तो कधीकाळी लुटारूंशी झुंजताना मेला आणि त्याचा टाक देव्हाऱ्यात बसला. पुढे सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत गोरे शिपाई वस्तीवर आले, घरं धुंडाळून गेले. ते गेल्यावर बघतात तर देव्हाऱ्यात वीर नाही. तर हे लोक म्हणतात काय, की वीर घोड्यावर बसून गोऱ्यांच्या मागे गेला. तो आपणहून परत येईल. तोवर दुसरा घडवायचा नाही, नाहीतर तो रागावेल. म्हणून सव्वाशे-दीडशे वर्षं त्याच्या जागी सुपारी.

मी बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस. मी तिला स्वच्छ सांगितलं, मावशी, तुमचा वीर कुठं गेला नाही, त्याला चोरून नेलं आणि वितळवून त्याची दारू प्याले. पाच मिनिटांत दुसरा काढून देतो. ती म्हणायची, न्हाई, येईल त्यो. मग मी विचारायचो, सुपारी पण उजळायची का? दुकानातली चार माणसं हसायची. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. सुपारी पदराला पुसून परत फडक्यात बांधायची.

तिचा जीव त्या सुपारीत अडकला होता, हे मला दिसत होतं. तिचा एकुलता मुलगा बबनराव माजलगावला धरणाच्या कॉलनीत राहायला गेला होता. त्याच्या घरात रंगीत टीव्ही आला होता आणि देव्हाऱ्याला जागा उरली नव्हती. म्हातारीच्या तोंडावर तो म्हणायचा, की तू गेलीस की ही सगळी भांडीकुंडी मी धरणात सोडणार. टाक निदान चांदीचे म्हणून वाचले असते. सुपारी कोण ठेवणार? माझ्या डोळ्यादेखत वीर घरी यावा आन् मंग मला न्यावं, एवढं एकच तिचं मागणं होतं.

१९९५च्या भाद्रपदात, ज्या आठवड्यात देशभरचे गणपती दूध प्यायले आणि आमच्या गावातली शिकलीसवरलेली माणसंही चमचे घेऊन देवळापुढे रांगेत उभी राहिली, त्याच आठवड्यात आयर्लंडचा एक गोरा घाटनांदूरला उतरला. पितरांच्या पंधरवड्यात पितर शोधायला आलेला. डेनिस लॅफर्टी त्याचं नाव. सत्तरीचा, उन्हाने नाक सोललेलं, पायात जाड बूट आणि काखेत फाइल. त्याचा पणजा बर्नार्ड लॅफर्टी १८५८ साली या भागात पलटणीबरोबर होता. तो आधी अंबाजोगाईला जाऊन जुन्या छावणीच्या जागेवर दोन दिवस दगड बघत फिरला. नंतर पणजाच्या एका पत्रात आमच्या गावाचं नाव होतं म्हणून इकडे आला.

तो एस.टी.तून उतरतो ना उतरतो तोच सुंदररावांनी त्याला उचलला. सुंदरराव म्हणजे आमचे पुढारी, माजलगावकडच्या एका साखर कारखान्यावर संचालक. त्या दिवसांत पुढाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, परकीय गुंतवणूक. आयर्लंडमध्ये दारू चांगली होते, एवढं सुंदररावांना कुठूनतरी कळलेलं. त्यांनी पाहुण्याला बंगल्यावर उतरवलं आणि इंग्रजी बोलायला मला बोलावून घेतलं. आप्पा, दारूच्या कारखान्यासाठी ह्याला पटवा, मळी आपली आन् मशीन त्यांची, असं ते मला कानात सांगत होते. पाहुणे काय करतात, असं त्यांनी विचारलं. लॅफर्टी आयुष्यभर पोस्टमन होता, सायकलवर पत्रं वाटायचा. मी सांगितलं, टपाल खात्यात होते. सुंदररावांनी ते फार वरचं पद समजून घेतलं आणि मी काही दुरुस्त केलं नाही. मूर्खाला मूर्ख राहू देण्यात एक सुख असतं.

लॅफर्टीने फाइल उघडली. निवृत्तीनंतरची दहा वर्षं त्याने यात घातली होती. चर्चच्या वहीतली जन्माची नोंद, पलटणीच्या हजेरीपटाच्या नकला, जहाजाचं नाव, सगळं नंबर घालून लावलेलं. बर्नार्डच्या लहानपणी त्यांच्याकडे दुष्काळ पडला, अर्धं गाव मेलं, आणि उरलेल्यांतला हा मोठा झाल्यावर पोटासाठी पलटणीत शिरला. आमच्याकडे दुष्काळ पडला की माणसं ऊसतोडीला जातात. यांची माणसं दुसऱ्यांची घरं धुंडाळायला गेली. आणि आता नातवंडं-पतवंडं फाइली घेऊन त्याचा अभिमान शोधत फिरतात. मला त्या माणसाची किळसच आली.

मग त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. पणजाचं शौर्यपदक, म्हणाला. इथल्या कुण्या राजाने किंवा निजामाने दिलेलं असावं. कोणत्या लढाईसाठी, असं तो विचारत होता.

ते पदक म्हणजे टाक होता. घोड्यावरचा वीर, बोटांनी पुसून पुसून चेहरा सपाट झालेला. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावर चीर. मी तो पालथा केला. पाठीवर अर्धचंद्र आणि खाली तीन ठिपके.

लॅफर्टी त्या खुणेविषयीच सांगत होता. त्याने तीन संग्रहालयांना पत्रं लिहिली होती. एका जाणकाराचं म्हणणं, तीन ठिपके म्हणजे तिसरी तुकडी. दुसऱ्याच्या मते तीन जखमा. मी गंभीर चेहऱ्याने ऐकत होतो. मला मात्र हसू येत होतं आणि संतापही. धनगराच्या देव्हाऱ्यातून उचललेला मेलेला माणूस यांनी दीडशे वर्षं पदक म्हणून भिंतीवर टांगला. आणि ज्यांचा चोरीला गेला ते म्हणतात, तो स्वतः घोड्यावर बसून गेला. चोराने शौर्य केलं आणि ज्याला लुटलं त्यानेही शौर्यच केलं. खोटं बोलायला दोन्ही घरांना सारखीच हौस.

लॅफर्टीने आणखी एक गोष्ट सांगितली. पणजाने ते पदक कधी छातीवर लावलं नाही. म्हातारपणी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा आणि कुणाला पुसू द्यायचा नाही. लॅफर्टीला वाटायचं, ही त्याची विनम्रता. मला वाटलं, चोराचं मन.

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे आज कुणीही म्हणेल. पण समोर सुंदरराव बसले होते. त्यांना कळलं असतं तर कडूबाईला नवं लुगडं नेसवून मंचावर उभी केली असती, दोघांच्या गळ्यात हार घातले असते, बातमीदार बोलावले असते. आणि लॅफर्टीने विश्वास तरी कशावरून ठेवला असता? दहा वर्षांची फाइल कोण फुकट जाऊ देतं? आणि कडूबाईला विचारून काय होणार, तिला काय कळतं? असा सगळा विचार मी एकट्यानेच केला. गावात विचार करण्याजोगा दुसरा माणूस मला दिसत नव्हता.

मी लॅफर्टीला म्हणालो, उद्या तुमचा सत्कार आहे, पदक काळं पडलंय, आज माझ्याकडे ठेवा, उजळून देतो. तो जरा घुटमळला. मग रुमालासकट माझ्या हातावर ठेवून म्हणाला, की तुम्हाला यातलं कळतं, तुमच्या हाताकडे बघून समजतं.

दुपारी दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं आणि खणातून ठसा काढला. चांदीचा पत्रा ठेवला, शिसं ठेवलं आणि चार घाव घातले. पाठीवर अर्धचंद्र कोरला, तीन ठिपके दिले. रिठ्यात बुडवून चकाकी आणली. संध्याकाळी दुकानात आलेल्या लॅफर्टीला तो नवा टाक त्याच रुमालात घालून दिला, आणि जुना माझ्या खणात गेला. चोरीचा माल मी चोरीने परत घेतला होता, त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

लॅफर्टीने पुरचुंडी सोडली. नव्या टाकावर वीराचे डोळे, मिशा, नाक सगळं धारदार उठलं होतं. बराच वेळ बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. जन्मभर मला याचा चेहरा दिसला नव्हता, म्हणाला. मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी कावेरीला चहा टाकायला सांगायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सुंदररावांनी मुद्दामच तो दिवस धरला, म्हणजे गर्दी आयती मिळते. पितृपंधरवड्यात सत्कार करावा की नाही, यावर ब्राह्मणाला विचारून झालं होतं, आणि पाहुणा परधर्मी असल्याने चालेल असं ठरलं होतं. ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. लॅफर्टीला फेटा बांधला, तो कानावर येत होता. ज्या मंचावरून दर पंधरा ऑगस्टला इंग्रजांना शिव्या देतात, त्याच मंचावरून सुंदररावांनी आपल्या भूमीत लढलेल्या शूर आयरिश योद्ध्याला मानवंदना दिली. ते गोरे आपल्या बाजूने लढले की आपल्याविरुद्ध, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मांडवाच्या कडेला, मिरच्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन, कडूबाई बसली होती.

लॅफर्टी बोलायला उठला. टाक हातात धरून तो सावकाश बोलला, वाक्यावाक्याला थांबत, म्हणजे मला मराठीत सांगता यावं. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात त्यांची पत्रं पोचवली. फक्त ही एक वस्तू आमच्या घरात पत्त्याशिवाय पडून होती. पणजोबा मरताना म्हणाला, की ही आपली नाही, ज्याची आहे त्याला द्या. कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. इथल्या कुणी राजाने दिली असेल तर त्याच्या वारसाला परत द्यावी, म्हणून मी आलो. हिचं घर कुणाला माहीत असेल तर मला सांगा."

हा माणूस शौर्य शोधायला आलेलाच नव्हता. तो टपाल पोचवायला आला होता. त्या टपालावरचा पत्ता सबंध जगात मला एकट्याला वाचता येत होता आणि ज्या घरचा तो पत्ता, ते घर माझ्या समोर मिरच्या सांभाळत बसलं होतं.

मग मी माइकवर म्हणालो, "पाहुणे म्हणतात, इथलं आदरातिथ्य त्यांना फार आवडलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. का केलं मी असं? त्याच्या हातातला टाक खोटा आहे हे उघडं पडलं असतं, हे एक. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, फरक काय पडतो? जुना माझ्या खणात आहे, तो उद्या कडूबाईला मिळणारच. गोऱ्याच्या हातून मिळाला काय आणि माझ्या हातून मिळाला काय, चांदी तीच.

संध्याकाळच्या गाडीने लॅफर्टी हैदराबादला गेला. स्टेशनवर मीच पोचवायला गेलो. आपला पत्ता एका कागदावर लिहून त्याने माझ्या खिशात घातला. घर सापडलं तर एवढं कळवा, मी घेऊन परत येईन, म्हणाला. मी हो म्हणालो. दारूच्या कारखान्याचं काहीच झालं नाही म्हणून सुंदरराव आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या इंग्रजीतच खोट आहे, असं त्यांनी गावभर सांगितलं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई देव उजळायला आली. फडकं सोडलं, चार टाक आणि सुपारी गल्ल्याच्या फळीवर मांडली. मी खणातून जुना टाक काढला आणि सुपारीशेजारी ठेवला. खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

तिने तो उचलला. पुढून पाहिलाच नाही, पालथा केला आणि नखाने ठिपके मोजले. मग आपला सासऱ्याचा टाक पालथा करून त्याचे ठिपके मोजले. कुठनं आला, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, रंगवून सांगितलं. गोऱ्याला कसा बनवला, नवा टाक बघून तो कसा रडला, सुंदररावांनाही कसा पत्ता लागला नाही. ती ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "त्यो फेटेवाला बाबा मंचावर लई येळ बोलत हुता. काय म्हनत हुता त्यो?"

खोटं बोलता आलं असतं. पण का कोण जाणे, मी तिला ते बोलणं शब्दाला शब्द मराठीत सांगितलं.

कडूबाईने टाक परत फळीवर ठेवला. अगदी हळू ठेवला.

"आप्पा, चोरीनं गेला आन् चोरीनंच आलाय. ह्याला आलेला म्हनू कसं?" ती म्हणाली. "आमच्यात वीर आला तर त्याला शिवेवरनं वाजत आनावा लागतो. ज्यो घिऊन येईल त्याचं पाय धुवावं लागत्यात. मी आता कुनाचं पाय धू? तुमचं?"

मी म्हणालो, मावशी, चांदी तीच आहे, खूण तीच आहे. ती म्हणाली, त्या बाबाला कागुद लिवा, त्याचं त्याला द्या, त्यो आनून दील. आणि चार टाक उजळायला ठेवून, सुपारी घेऊन गेली.

पत्र फार तर पाच ओळींचं होतं. मी बी.ए. आहे. तीन वर्षांत ते पाच ओळींचं पत्र मला लिहिता आलं नाही. काय लिहायचं, की घर तुम्ही यायच्या आधीपासून माझ्या वहीत होतं? की तुमच्या भिंतीवर जो आहे तो मी एका दुपारी ठोकलेला आहे? ज्याला मी पोस्टमन म्हणून हसलो त्याच्यापुढे चोर म्हणून सही करायची, हे मला जमेना. दर नाताळात लॅफर्टीचं कार्ड यायचं. त्यावर मेंढरांचं नाहीतर बर्फाचं चित्र, आणि आत एकच ओळ, घर सापडलं का? आणि दर भाद्रपदात कडूबाई फडकं सोडताना विचारायची, लिवलं का? मी म्हणायचो, लिहितो. सुपारीवरून बोलणं मात्र मी बंद केलं होतं.

१९९८च्या नाताळात कार्ड आलं नाही. संक्रांत उलटल्यावर आमचा पोस्टमन धोंडीराम एक जाड पाकीट घेऊन आला. सही घेऊन ते फळीवर ठेवलं. लॅफर्टीच्या मुलीने पाठवलेलं. बाबा नोव्हेंबरात गेले, तिने लिहिलं होतं. पदक माझ्याबरोबर पुरू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलं. भारतातल्या त्या चांदीवाल्या गृहस्थाकडे पाठवा, तो भला माणूस आहे, घर शोधतोय, सापडलं की तो पोचवेल. पाकिटात तोच रुमाल होता. त्यात तीन वर्षांपूर्वी मी ठोकलेला वीर, धारदार नाकाचा.

भला माणूस. हे वाचून मला हसू यायला हवं होतं. मी रुमाल हातात धरून बसून राहिलो आणि धोंडीराम विचारत राहिला की आप्पा, वाईट बातमी हाय का?

मी धोंडीरामला तसाच घेऊन वस्तीवर गेलो. पाच पिढ्यांत आमच्यातलं कुणी टाक घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात गेलेलं नव्हतं. खणातला जुना टाक मी सदऱ्याच्या खिशात घातला होता. नवा रुमालासकट धोंडीरामच्या पिशवीत. मनात म्हटलं, दोन्ही तिच्यापुढे ठेवू, काय ते तिचं ती ठरवील. कडूबाई आता काठीशिवाय चालत नव्हती, बबनराव तिला न्यायला त्या आठवड्यात येणारच होता. तिला मी ओट्यावर बसवून पत्र वाचून दाखवलं. या वेळी एक शब्द गाळला नाही, भला माणूसही गाळला नाही. मग जुना टाक काढून सांगितलं, मावशी, खरा हा. पाकिटातून आलाय तो माझ्या हातचा, तीन वर्षांपूर्वीचा. तुम्हाला फसवायचं नाही.

तिने माझ्या हाताकडे पाहिलंही नाही.

"समदेच तुमच्या ठशातनं निघाल्यात, आप्पा," ती म्हणाली. "त्या घरानं आपल्या हातानं धाडला कंचा, ते सांगा."

मी धोंडीरामच्या पिशवीकडे बोट केलं. मंग त्योच आला, ती म्हणाली, आणि धोंडीरामला परत शिवेवर जायला सांगितलं. धोंडीराम बिचारा काहीच न समजून वस्तीच्या कडेच्या दगडापर्यंत चालत गेला. कुणीतरी ढोल काढला, दोघातिघांनी भंडारा आणला. ढोल वाजत होता आणि खाकी कपड्यांतला आमचा पोस्टमन, खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून, पावलापावलाला दचकत कडूबाईच्या दारात आला. तिने काठी भिंतीला टेकवली, खाली बसली आणि त्याच्या चपला आपल्या हाताने काढल्या. तांब्यातलं पाणी घालून तिने त्याचे धुळीने भरलेले पाय धुतले, पदराने पुसले. धोंडीराम रडायला लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तिने रुमाल सोडला. देव्हाऱ्यातली सुपारी उचलून कपाळाला लावली, तोंडात टाकली आणि दात नसताना चघळत राहिली. तिच्या जागी नवा वीर बसवला. वस्तीवरची माणसं एकेक करून पाया पडायला आत जाऊ लागली.

मला कुणी आत बोलावलं नाही. जा असंही म्हणालं नाही. मी ओट्याखाली चपला सोडलेल्या ठिकाणी उभा होतो, आणि खरा धुळाजी माझ्या खिशात होता.